परदेशातला संसार: ताण नेमका येतो कुठून?

अमेरिकेत आशियाई वंशाच्या लोकांमध्ये घटस्फोटाचं प्रमाण इतर मोठ्या समूहांपेक्षा कमी आहे. प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या २०२१ च्या आकडेवारीनुसार तिथले साधारण २४ टक्के आशियाई लोक एकापेक्षा जास्त पिढ्यांच्या घरात राहतात, तर गोऱ्या अमेरिकनांमध्ये हे प्रमाण १३ टक्के आहे. असे आकडे बघून आपण पटकन म्हणून टाकतो की आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे. पण लग्न टिकणं वेगळं आणि त्या लग्नात दोघांना बरं वाटणं वेगळं. एका छताखाली तीन पिढ्या राहतात म्हणून त्या एकमेकींशी बोलत असतील, असंही नाही.

परदेशातल्या घरांमधली भांडणं ऐकली की ती बहुतेकदा स्वभावाची वाटतात. तो घुमा झालाय, ती सारखी चिडते, मुलगा उलट बोलतो, सासूबाईंना काही म्हणून पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की यातला मोठा भाग स्वभावाचा नसतोच. तो व्हिसाच्या अटींमधून येतो, मागे राहिलेल्या माणसांमुळे येतो, मुलं आणि आईवडील वेगवेगळ्या वेगाने नव्या देशात रुळतात त्यातून येतो. मात्र राग काढायला समोर घरचंच माणूस असतं. म्हणून नातं सुधारायचं तर आधी हा ताण कुठून येतोय ते ओळखावं लागतं.

घरात कोण असणार, हे कायदा ठरवत आला

२०२० च्या जनगणनेत अमेरिकेत आशियाई वंशाचे सुमारे २.४ कोटी लोक मोजले गेले. ही सगळी माणसं एकाच वाटेने आलेली नाहीत. १८७५ च्या पेज कायद्याने चिनी स्त्रियांना तिथे येणं जवळजवळ अशक्य केलं आणि १८८२ मध्ये चिनी मजुरांवरच बंदी आली. त्यामुळे चायनाटाउनमध्ये कित्येक दशकं पुरुषांच्याच वस्त्या होत्या. बायकामुलं गावी, नवरा दूर, दोघांमध्ये पत्र आणि पैसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात शेतीसाठी गेलेल्या पंजाबी पुरुषांनाही गावाकडून बायका आणता येत नव्हत्या. त्यांच्यातल्या अनेकांनी इम्पीरियल व्हॅलीत मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली आणि तिथे एक वेगळाच समाज उभा राहिला. १९४६ मध्ये भारतीयांना दार उघडलं, तेही वर्षाला जेमतेम १०० जणांसाठी.

खरा बदल झाला १९६५ मध्ये. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने देशांनुसार ठरवलेला जुना कोटा रद्द केला आणि कुटुंब व कौशल्य या दोन गोष्टींना महत्त्व दिलं. आधी डॉक्टर आणि इंजिनिअर गेले, मग त्यांची भावंडं, आईवडील गेले. १९७५ नंतर व्हिएतनाम, कंबोडिया आणि लाओसमधून युद्धाने होरपळलेले निर्वासित आले. १९९० च्या कायद्यातून कुशल नोकरदारांसाठीचा आजचा एच-वन-बी व्हिसा आला आणि त्यावर आपली आयटीतली पिढी गेली.

हा इतिहास सांगायचं कारण असं की 'आशियाई कुटुंब' म्हणून एकच उपाय कोणी देऊ लागलं तर तो फारसा उपयोगी पडत नाही. ख्मेर रूज राजवटीच्या छळातून वाचलेले कंबोडियन आईबाप मुलांशी भूतकाळाबद्दल एक शब्द बोलत नाहीत. तिथलं मौन आणि ग्रीन कार्डाची (कायम राहण्याच्या परवान्याची) वाट बघून थकलेल्या मराठी इंजिनिअरचं मौन बाहेरून सारखं दिसेल, पण त्यांची मुळं वेगळी आहेत.

व्हिसा घरात शिरतो तेव्हा

एच-वन-बी वर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला एच-फोर मिळतो. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण एरवी नोकरी करता येत नाही. २६ मे २०१५ पासून काही जणांना कामाचा परवाना मिळू लागला. त्यासाठी मुख्य व्हिसाधारकाची ग्रीन कार्डाची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत, बहुतेकदा आय-१४० (मालकाने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर होण्यापर्यंत, पोचलेली लागते. हा परवाना मिळालेल्यांमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या आणि जन्माने भारतीय असलेल्यांचं प्रमाणही तितकंच मोठं होतं. कागदावर नियम सगळ्यांसाठी असला तरी प्रत्यक्षात ही भारतीय बायकांची गोष्ट आहे.

समजा, पुण्यात नोकरी करणारी, स्वतःच्या पगारावर हप्ते भरणारी मुलगी लग्न होऊन डॅलसच्या एखाद्या उपनगरात गेली. तिथे तिला पगार नाही. कामाचा परवाना नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) नाही, क्रेडिट हिस्टरी (कर्जफेडीची नोंद) नाही. गाडीचं लायसन्स अजून निघालेलं नाही आणि बाहेर बसही नाही. दूध आणायलासुद्धा नवऱ्याची वाट बघायची. सहा महिन्यांनी ती म्हणते, "तुला माझी किंमतच नाही." तो गोंधळतो, कारण आपण काय केलं ते त्याला कळत नाही. त्याने खरंच काही केलेलं नसतं. तिच्याकडून खूप काही काढून घेतलं गेलंय, पण ते ज्याने काढून घेतलं त्या नियमाशी तिला भांडता येत नाही.

त्याचीही एक बाजू आहे. नोकरी गेली तर देशात राहून दुसरी शोधायला त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत असा नियम आहे. अर्ज करणाऱ्यांत भारतीय प्रचंड, त्यामुळे त्यांची रांग वर्षानुवर्षांची, कित्येकांची दशकांची. अशा माणसाला मॅनेजरला 'नाही' म्हणता येत नाही. आई आजारी असली तरी भारतात जाताना परतीच्या स्टॅम्पिंगची, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा मिळण्याची, धास्ती असते. घरी हे बोलायचं नाही, "तिला कशाला उगाच टेन्शन" म्हणून. तो गप्प होत जातो आणि त्या गप्प बसण्यातून ती 'मी याला नकोशी झालेय' असा अर्थ काढते.

या घरात दोघंही चांगली माणसं असू शकतात. म्हणून मला वाटतं, 'एकमेकांना वेळ द्या' या सल्ल्याच्या आधी दुसरं काहीतरी करायला हवं. महिन्यातून एकदा दोघांनी बसून कागदपत्रं आणि पैसे समोर मांडावेत. व्हिसाची मुदत कधी संपते, अर्ज कुठवर आलाय, शिल्लक किती, नोकरी गेली तर पहिल्या आठवड्यात काय करायचं. भीती एकट्याच्या डोक्यात असते तेव्हा ती फार मोठी होते, दोघांना माहीत असली की तिचं निदान नियोजन करता येतं. बँकेचं खातं दोघांच्या नावावर असावं, घराच्या भाडेकरारावर दोघांची नावं असावीत, तिचं नाव नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर घालावं म्हणजे तिची हिस्टरी तयार व्हायला लागते. आणि गाडीचं लायसन्स पहिल्या काही महिन्यांत निघालंच पाहिजे. अमेरिकेच्या उपनगरात गाडी चालवता येणं म्हणजे स्वतःच्या दिवसावर स्वतःचा ताबा असणं.

यासोबत एक गोष्ट तोंडाने बोलायला हवी. "तू इथे येण्यासाठी काय सोडलंस ते मला दिसतंय." आपल्या घरांत असं बोलायची पद्धत नाही, मान्य आहे. तरीही बोलावं.

हे नेहमी बायकोच्याच बाबतीत घडतं असं नाही. केरळमधून विशेषतः १९७० च्या दशकात ज्या नर्स अमेरिकेत गेल्या, त्यांच्यापैकी अनेकींच्या घरी बायको आधी गेली आणि नवरा मागाहून पोचला. पगार तिचा, ओळखी तिच्या, त्याच्या डिग्रीला तिथे किंमत नाही. काही नवऱ्यांनी मुलं आणि स्वयंपाक मनापासून अंगावर घेतला. काहींना घरात गेलेला मान चर्चच्या कमिट्यांमध्ये शोधावा लागला. परवानगीच्या कागदावर ज्याचं नाव दुसऱ्या क्रमांकावर असतं, त्याच्या मनाची काळजी आधी घ्यायला हवी, मग तो नवरा असो की बायको.

दहा जणांचं काम दोघांवर

आपल्याकडे लग्न दोघांचं असलं तरी ते तोलून धरणारे हात बरेच असतात. भांडण विकोपाला गेलं तर आत्या मध्ये पडते. मूल तापलं की शेजारच्या काकू येऊन बसतात. स्वयंपाकाला, धुण्याभांड्याला बाई येते. नवऱ्याशी आठवडाभर नीट बोलणं झालं नाही तरी बहिणीशी, मैत्रिणीशी बोलून मन मोकळं होतं. परदेशात ही सगळी नाती एकाच माणसात शोधायची वेळ येते. त्याच माणसाने सहचर व्हायचं, मित्र व्हायचं, आईसारखी माया करायची, गाडी दुरुस्तीला न्यायची आणि रात्री बाळालाही बघायचं. कोणतंही लग्न हे सगळं पेलत नाही.

एकत्र कुटुंबाची मी आरती करत नाही. कित्येक सुनांना मोकळा श्वास पहिल्यांदा घेता आला तो परदेशातच, हेही तितकंच खरं आहे. पण जाच गेला तसा आधारही गेला, आणि त्या आधाराची जागा मुद्दाम प्रयत्न करून भरावी लागते. जवळपास राहणारी दोनतीन कुटुंबं, ज्यांच्याकडे मूल निर्धास्तपणे ठेवता येईल, ज्यांना रात्री अकरा वाजता फोन करता येईल. ही माणसं मराठीच हवीत असं काही नाही. उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये सुरू झालं आणि गावोगावच्या मंडळांनी लोकांना एकत्र आणण्याचं मोठं काम केलं. पण गणपतीला पाचशे लोकांत भेटणं आणि अडचणीला धावून येणारं माणूस असणं यात अंतर आहे. ते अंतर कमी करायला नेहमीच्या साध्या गाठीभेटी लागतात, कार्यक्रम पुरत नाहीत.

घरकामाबद्दल नवरे बऱ्याचदा म्हणतात, "मी मदत करतो." अडचण त्या 'मदत' शब्दाच्या मागे आहे, कारण काम कोणाचं हे त्यात आधीच ठरलेलं असतं. भांडी दोघांनी घासली तरी लसीकरणाची तारीख, शाळेचा फॉर्म, संपत आलेली डाळ, सासऱ्यांच्या औषधांचं भारतातलं रिफिल हे सगळं एकाच डोक्यात असेल तर ते डोकं थकतं. म्हणून कामं वाटताना पूर्ण वाटावीत. मुलाचं डॉक्टर हे खातं नवऱ्याकडे असेल तर अपॉइंटमेंट घेण्यापासून फॉर्म भरेपर्यंत सगळं त्याचं, आणि बायकोने आठवण करून द्यायची नाही. पहिल्यांदा एखादी तारीख चुकेल, ती चुकू द्यावी.

मग भांडणं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी कित्येक वर्षं जोडप्यांचं प्रयोगशाळेत निरीक्षण केलं. त्यांच्या अभ्यासात जोडप्यांचे साधारण ६९ टक्के मतभेद कायमचे मिटणारे नव्हते, सुखी जोडप्यांचेही नाहीत. मला हा आकडा धीर देणारा वाटतो. सतत तेच भांडण होतं म्हणजे लग्न फसलं असं नाही. फरक पडतो तो त्याच विषयावर कसं बोललं जातं यामुळे, आणि विशेषतः बोलणं सुरू कसं होतं यामुळे. "तू नेहमीच" ने सुरू झालेलं संभाषण शक्यतो वाईटच संपतं. "मला या आठवड्यात फार एकटं वाटलं" असं सुरू झालं तर समोरच्याला बचाव करावा लागत नाही.

परदेशातल्या जोडप्यांमध्ये असा न मिटणारा एक विषय म्हणजे घरी पाठवायचे पैसे. "तुझ्या आईला दरमहा जातात, माझ्या बाबांच्या ऑपरेशनला मात्र हिशोब." फिलिपिन्स असो की केरळ की कोकण, घरचं माणूस परदेशात गेलं की मागच्यांच्या अपेक्षाही वाढतात. या विषयावर प्रेमाने समजून घेण्यापेक्षा नियम जास्त उपयोगी पडतो. दोन्ही घरांसाठी मिळून एक ठरलेली रक्कम, तिचं वेगळं खातं, आणि अचानक भारतात जावं लागलं तर तिकिटांसाठी बाजूला ठेवलेले पैसे. दोन्ही घरांची गरज सारखी नसते, त्यामुळे रक्कम सारखी नसली तरी चालेल. ती दोघांनी मिळून ठरवलेली असायला हवी.

दुसरा विषय परत जायचं की नाही हा. त्याच्या मुळाशी दुःख असतं. मिनेसोटा विद्यापीठातल्या पॉलीन बॉस यांनी ज्या प्रकारच्या दुःखाचा आयुष्यभर अभ्यास केला ते इथे अचूक लागू पडतं. माणूस गेलेलं नाही, पण जवळही नाही. आईवडील व्हिडिओ कॉलवर रोज दिसतात आणि रोज थोडे म्हातारे होतात. पहाटे तीनला फोन वाजला की पोटात गोळा येतो. वडिलांचे अंत्यसंस्कार कोणीतरी धरलेल्या मोबाईलवर बघावे लागतात आणि सोमवारी ऑफिसला जावं लागतं. या दुःखाला सुतक नाही, भेटायला येणारं कोणी नाही, त्यामुळे ते संपतही नाही. आणि दोघांचं दुःख एका वेळी येत नाही. एकाला परत जायची ओढ लागते त्याच वर्षी दुसऱ्याची नोकरी नीट बसलेली असते. दर रविवारी रात्री हा विषय काढून जखम ओली ठेवण्यापेक्षा वर्षातून एक वेळ ठरवावी, तेव्हा आकडे, शाळा, आईवडिलांची तब्येत असं सगळं समोर ठेवून बोलावं आणि मधल्या काळात विषय बंद ठेवावा. तोवर जो दुःखात आहे त्याला तोडगा देऊ नये. नुसतं शेजारी बसावं.

मुलं पुढे निघून जातात

नव्या देशात मुलं फार लवकर रुळतात. भाषा, विनोद, शाळेतले नियम त्यांना वर्षादोन वर्षांत कळतात, आईवडिलांना दहा वर्षं लागतात. आलेहान्द्रो पोर्तेस आणि रुबेन रुम्बाउत या समाजशास्त्रज्ञांनी स्थलांतरितांच्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि या वेगातल्या फरकाकडे लक्ष वेधलं. मुलं पुढे, आईवडील मागे, आणि आजूबाजूला आपला समाजही नाही, अशी स्थिती आली की आईवडिलांचा शब्द घरात चालेनासा होतो. याउलट नवं शिकताना घरची भाषा आणि आपल्या लोकांशी असलेला संबंध दोन्ही टिकले, तर मुलांचं आणि नात्याचं जास्त चांगलं होतं.

हा अधिकार कसा निसटतो ते बघा. आईला इंग्रजी येत नाही म्हणून बारा वर्षांची मुलगी बँकेत, शाळेत, दवाखान्यात दुभाष्याचं काम करते. कौतुकाची गोष्ट वाटते, आणि काही मुलांना यातून आत्मविश्वासही येतो. पण आईच्या गाठीचा रिपोर्ट त्याच मुलीने आईला समजावून सांगायचा असेल तर ते तिच्या वयाला झेपणारं नाही. व्हिएतनामी, चिनी, कोरियन कामगार कुटुंबांमध्ये हे फार घडतं, आणि भारतातून आलेल्या आजीआजोबांच्या बाबतीत आपल्याकडेही घडतं. अमेरिकेत सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांना मोफत दुभाषा द्यावा लागतो, आणि तातडीचा प्रसंग सोडला तर लहान मुलांना या कामाला लावू नये असा नियम आहे. दुभाषा मागून घ्यावा, संकोच करू नये.

आपल्या मराठी घरांमध्ये मात्र अडचण वेगळी आहे. आईवडिलांना इंग्रजी उत्तम येतं, म्हणून मुलांशी इंग्रजीतच बोललं जातं. मुलाला मराठी कळते, पण उत्तर इंग्रजीत येतं. आठव्या वर्षी हे गोड वाटतं. पंधराव्या वर्षी त्याला वर्गातल्या एकटेपणाबद्दल बोलायचं असतं, तेव्हा आईचं इंग्रजी ऑफिसचं असतं आणि त्याची मराठी 'पाणी दे, झोप आली' इतकीच. मनातलं बोलायला दोघांकडे सारखी भाषाच उरत नाही. संस्कृती टिकावी म्हणून मराठी शाळेत पाठवणं चांगलंच, पण माझ्या दृष्टीने मराठी टिकवण्याचं सगळ्यात मोठं कारण हे आहे. शाळेत श्लोक पाठ होतात. राग, लाज, भीती यांचे शब्द घरीच शिकवावे लागतात आणि ते आईवडिलांनी स्वतः वापरले तरच मुलं शिकतात.

मुलाच्या जगातही जावं लागतं. स्लीपओव्हर म्हणजे काय, त्याच्या मित्राचे आईवडील कसे आहेत, प्रॉमला (शाळेच्या नाचाच्या समारंभाला) जाण्यात नक्की काय असतं, हे 'नाही' म्हणण्याआधी विचारून घ्यावं. मुलं नकार सहन करतात. आईवडिलांनी काही समजून न घेताच नकार दिला, हे त्यांना सहन होत नाही. पुढे लग्नाच्या वेळी याची किंमत मोजावी लागते. २०१५ मध्ये अमेरिकेत नवं लग्न झालेल्या आशियाई लोकांपैकी २९ टक्के जणांचा जोडीदार वेगळ्या वंशाचा किंवा समूहाचा होता. आपल्या मुलाने कोणाला घरी आणलं हे आपल्याला सगळ्यात आधी कळावं असं वाटत असेल, तर ती तयारी तो तेरा वर्षांचा असल्यापासून सुरू करावी लागते.

काही घरांमध्ये मुलं आणि आईवडील यांच्यात समुद्रच असतो. न्यूयॉर्कमधल्या चिनी कामगार कुटुंबांत तान्ह्या बाळाला चीनमधल्या फुजियानला आजीआजोबांकडे पाठवायचं आणि शाळेच्या वयाला परत आणायचं, असं बरेचदा होतं. दोघं दिवसभर रेस्टॉरंटमध्ये राबतात आणि पाळणाघर परवडत नाही. मूल परत येतं तेव्हा त्याच्यासाठी आईबाप परके असतात आणि आजी हीच आई. कोरियात उलटं दिसतं. आई मुलांना घेऊन इंग्रजी शिक्षणासाठी परदेशात राहते आणि बाप सोलमध्ये एकटा कमावतो. अशा घरांत पुन्हा एकत्र आल्यावर लगेच माया मागू नये. मुलाचा आजीशी रोजचा फोन चालू राहावा, आणि आईबापांनी नव्याने ओळख करून घेतोय असं समजून धीराने वागावं.

आजीआजोबा

बाळंतपणाला आधी आई येते, मग सासूबाई, व्हिजिटर व्हिसावर एका खेपेला बहुतेकदा सहा महिन्यांपर्यंत. त्या काळात घर भरलेलं वाटतं आणि ताणही वाढतो, कारण दिवसभर घरात बसलेल्या माणसाला संध्याकाळी बोलायचं असतं आणि दिवसभर बोलून आलेल्यांना गप्प बसायचं असतं. नागरिक झालेली मुलं आईवडिलांना ग्रीन कार्ड देऊन कायमचं आणू शकतात. पण अमेरिकेत कधी काम न केलेल्या ज्येष्ठांना ग्रीन कार्ड मिळाल्यावर सलग पाच वर्षं राहिल्याशिवाय मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा विकतही घेता येत नाही. आरोग्यविम्याचा हा हिशोब आधी करावा. कॅनडात सुपर व्हिसावर आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. ब्रिटनने २०१२ पासून नियम इतके कडक केलेत की वृद्ध आईवडिलांना कायमचं आणणं तिथे फार कठीण झालंय.

व्हिसा मिळाला तरी प्रश्न उरतोच. गावात ज्या माणसाला चौकात चार जण नमस्कार करत, तो माणूस इथे खिडकीतून रिकामा रस्ता बघत बसतो. नातवंडं सांभाळायची, पण नातवंडांना काय खाऊ घालायचं हे सून ठरवणार. त्यांना बोलावण्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोलाव्यात: मुलं सांभाळणं हे काम आहे की आनंद, आठवड्यातून किती दिवस, त्यांचे स्वतःचे पैसे त्यांच्या हातात असतील का, आणि चालत किंवा बसने जाता येईल असं त्यांचं स्वतःचं एखादं ठिकाण असेल का. शहराचं सीनियर सेंटर, लायब्ररी, मंदिर, काहीही. नवराबायकोच्या भांडणात त्यांना पंच करू नये, आणि त्यांनीही होऊ नये.

मदत घेताना

आशियाई अमेरिकन लोक मानसिक आरोग्याच्या सेवा कमी वापरतात, हे स्टॅन्ली स्यू यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून सांगत आलेत. लोक जातात तेव्हा फार उशीर झालेला असतो. लाज हे एक कारण आहेच, पण भीतीही असते की हे नोकरीत कळेल, व्हिसावर परिणाम होईल, मंडळात पसरेल. समुपदेशकाने तुमचं बोलणं गुप्त ठेवणं अमेरिकेत कायद्याने बंधनकारक आहे. जिवाला धोका किंवा मुलांवर अत्याचार असे मोजके अपवाद सोडले तर ते बाहेर जात नाही. तो तुमच्या मालकाला किंवा इमिग्रेशनला काही कळवत नाही.

समुपदेशक निवडताना पहिल्या भेटीतच विचारावं की आईवडिलांना पैसे पाठवणारी, सासूसोबत राहणारी जोडपी तुम्ही पाहिलीत का. 'सासूला स्पष्ट नाही सांगा, सीमा आखा' एवढंच ज्याच्याकडे आहे, तो तुमचं घर समजून घेणार नाही. उलट, देशी आहे म्हणून 'थोडं सहन करा' सांगणाराही नको.

जिथे जुळवून घ्यायचं नसतं

वरचं सगळं दोन प्रामाणिक माणसांसाठी आहे. मारहाण, धमक्या, पासपोर्ट काढून घेणं, फोन तपासणं, पैशाला हात लावू न देणं, "तुझा व्हिसा माझ्या हातात आहे" असं म्हणणं हे ताणामुळे होत नाही, आणि त्यावर संवाद हा उपाय नाही. माहेरच्यांनी अशा वेळी 'जुळवून घे' म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

कायद्यात वाटा आहेत. १९९४ च्या कायद्यामुळे नागरिक किंवा ग्रीन कार्डधारकाच्या पीडित जोडीदाराला त्याच्या मदतीशिवाय ग्रीन कार्डासाठी स्वतः अर्ज करता येतो. एच-फोर वर असलेल्यांना तो मार्ग सहसा मिळत नाही, पण गुन्ह्याच्या तपासात मदत करणाऱ्या पीडितांसाठी यू व्हिसा आहे. असे अर्ज इमिग्रेशनच्या वकिलामार्फतच करावेत. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी न्यू जर्सीत 'मानवी' ही संस्था १९८५ पासून आणि न्यूयॉर्कमध्ये 'सखी' १९८९ पासून काम करते. लंडनमध्ये 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' १९७९ पासून आहे. अमेरिकेत कौटुंबिक हिंसाचारासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ ही चोवीस तास चालते, तिथे दुभाष्याची सोय आहे, आणि तातडीला ९११. पासपोर्ट, व्हिसा, आय-९४ (अमेरिकेत प्रवेश केल्याची नोंद), लग्नाचा दाखला यांचे फोटो माहेरी कोणाकडे तरी पाठवून ठेवावेत. हे प्रत्येक मुलीने निघण्याआधीच करावं, सगळं छान चाललेलं असतानाच.

अमेरिकेतलं स्थळ बघताना

पत्रिका आणि पॅकेज दोन्ही विचारलं जातं, पण संसार ज्यावर उभा राहणार ते क्वचितच विचारलं जातं. व्हिसा कोणता आहे आणि त्याची सहा वर्षांची मुदत कधी संपते. आय-१४० मंजूर झालाय का, म्हणजे जोडीदाराला काम करता येईल का, आणि नसेल तर अंदाजे कधी. तोवर ती किंवा तो काय करणार, शिकणार असेल तर फी कोण भरणार. कर्ज किती आहे, भारतात दरमहा किती जातात. नोकरी गेली तर परत यायची तयारी आहे का. आईवडिलांपैकी कोणी एकटं पडलं तर कोण जाणार. मूल झाल्यावर घरी कोण राहणार, आणि मुलांशी कोणत्या भाषेत बोलायचं.

हे प्रश्न मुलामुलीने एकमेकांना विचारावेत, वडीलधाऱ्यांच्या बैठकीत नव्हे, आणि एका व्हिडिओ कॉलमध्ये उरकू नयेत. कागदपत्रं बघायला मागितली म्हणून कोणी रागावलं, तर लग्नाची तारीख ठरवण्याआधी थांबून त्या रागाचं कारण विचारावं.